शशीचे पाच तारे

शाळा सुटायला अजून अवकाश होता, आणि गोमलीबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला बघताच महादेवी अक्कोरूंनी टेबलावरचा टॅब खणात सरकवला. गावातली काय नि तांड्यावरची काय, सगळी पोरं बाईंना अक्कोरूच म्हणत, आणि त्यांच्या आयाही.

गोमलीबाईची शशी, चौथीतली, महिन्यापूर्वी तापानं गेली. आईबाप गोव्याला बांधकामावर, पोरगी तांड्यात आजीपाशी. निरोप पोचून आई येईस्तोवर सगळं उरकलं होतं. लेकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही बिचारीला.

"अक्कोरू, तुमच्या त्या टॅबात माझ्या शशीचा आवाज आहे ना?" गोमलीबाई म्हणाली. "फोनवर सांगायची मला. याडी, मी धडा वाचला, मला पाच तारे पडले म्हणायची. तेवढा ऐकवा. मग जाते मी."

आता ह्या ताऱ्यांचं सांगायलाच हवं. सरकारनं शाळेला टॅब दिले होते. पोरानं टॅब तोंडासमोर धरून कन्नड धडा वाचायचा, टॅब तो ऐकणार आणि एकापासून पाचापर्यंत तारे देणार. तारे थेट तालुक्याच्या कचेरीत दिसत. ज्या शाळेचे तारे कमी, तिच्या मास्तरांना बैठकीत सगळ्यांदेखत उभं करत. महादेवी अक्कोरू एकदा तशा उभ्या राहिल्या होत्या, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना. अहो, घरात आईला याडी म्हणणारी, जन्मापासून बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी पोरं! ती धारवाडच्या माणसासारखं कन्नड वाचतील असं ज्या शहाण्याला वाटलं, त्याला आणून चार ओळी गोरमाटी वाचायला लावायला हवं होतं. मग कळले असते तारे!

तर अक्कोरूंनी तेच केलं, जे तालुक्यात बरेचजण गुपचूप करत होते. ज्याला एक तारा पडेल त्याचं वाचन पुसून टाकायचं, आणि त्याच्या नावावर भुवनेश्वरीकडून वाचून घ्यायचं. भुवनेश्वरी गावातल्या पुजाऱ्याची मुलगी. तिचं वाचणं खणखणीत. तिनं वाचलं की पाच तारे ठरलेलेच. ज्याच्या नावावर ते पडत तो पोरगा खूश, बाकीचे टाळ्या वाजवत. शशीनंही स्वतःच्या ताऱ्यांना टाळ्या वाजवल्या होत्या.

"चार्जिंग नाही गं," अक्कोरू म्हणाल्या. "उद्या ये ना."

"आहे की चार्जिंग, अक्कोरू! सकाळीच लावलं मी," मागच्या बाकावरून एक पोर ओरडलं.

"तुला कुणी विचारलं रे, भोचक? जा, खेळायला जा सगळे!"

पोरं हुर्रे करत बाहेर पळाली. भुवनेश्वरी मात्र अक्कोरूंच्या तोंडाकडे बघत बघत गेली.

"उद्या पहाटे गोव्याची गाडी आहे," गोमलीबाई म्हणाली. "मुकादम थांबत नाही कुणासाठी."

अक्कोरूंनी टॅब काढला. शशिकला ह्या नावावर बोट टेकवलं. चिमणीच्या घरट्याचा धडा सुरू झाला. गोमलीबाईनं टॅब कानाशी धरला आणि डोळे मिटले. कन्नड तिला बाजारापुरतं येत होतं, पण ती एकेक शब्द ऐकत होती. धडा संपला तेव्हा तिचे गाल ओले झाले होते.

"किती मोठा झाला हो आवाज! फोनवर त्या खरखरीत कळतच नव्हतं. मी गोव्याला गेले तेव्हा तिला र म्हणता यायचा नाही. राणीला लाणी म्हणायची. आम्ही किती हसायचो तिला! आणि आता बघा. तुम्ही घडवलंत हो माझ्या पोरीला." तिनं वाकून अक्कोरूंच्या पायांना हात लावला. "परत लावा ना."

अक्कोरूंनी परत लावला. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? आई समाधानानं गोव्याला गेली असती. त्यांनी तसं ठरवलंही होतं. पण गोमलीबाईनं पदराची गाठ सोडली आणि तिच्यातून आपला छोटा फोन काढला.

"ह्याच्यात भरून द्या. तिकडं कामावरून आले की ऐकत जाईन. तेवढीच ती माझ्यापाशी राहील."

अक्कोरूंना हे सोसवेना. ही बाई जन्मभर दुसऱ्याच्या लेकीचा आवाज उराशी धरून बसणार!

"गोमली, ती शशी नाही."

"म्हणजे?"

"भुवनेश्वरीचा आवाज आहे तो. पुजाऱ्यांच्या मुलीचा. मीच वाचायला लावलं तिला, शशीच्या नावावर."

गोमलीबाईनं टॅब कानापासून दूर केला.

"मग माझ्या शशीचा कुठाय?"

"पुसला."

"का?"

"एकच तारा पडला होता."

"इतकं वाईट वाचलं तिनं?"

"नाही गं बाई, नाही! तिचं काही चुकलं नव्हतं. माझंच चुकलं. मला क्षमा कर." अक्कोरूंना रडू आवरेना.

गोमलीबाईनं ना आरडाओरडा केला, ना शिव्या दिल्या. ती खाली फरशीवर बसली.

"तुम्ही तर ऐकलंत ना, अक्कोरू? समोरच होतात. मग तुम्हीच सांगा मला. भरभर वाचलं की अडखळत? र नीट म्हटला का? मधेच हसली का? तिला फार हसू यायचं."

अक्कोरूंनी डोळे पुसले आणि आठवायला लागल्या. शशी ह्याच टेबलापाशी उभी होती, हे आठवलं. तिची तेल लावून घट्ट घातलेली वेणी आठवली. टॅब दोन्ही हातांनी धरला होता, तेही आठवलं. पण आवाज काही केल्या आठवेना. पोरगी वाचत होती तेव्हा त्या ऐकत नव्हत्याच, तारे किती पडतात ते बघत होत्या.

"सांगा की," गोमलीबाई म्हणाली.