कराची किती लांब

ज्ञानू, माझा धाकटा भाऊ, खोटं बोलतोय ह्ये मला त्येच्या हनुवटीवरनंच कळलं.

सोमवारी म्या भोरला जाऊन त्येला कराचीला तार केली, 'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये.' आन् बुधवारी सकाळी गडी आमच्या भाटघरच्या दारात हजर! दाढी गुळगुळीत, सदरा पांढरा. आता बगा, आगीनगाडीनं कराचीसनं यायचं म्हंजी तीन-चार दिस मोडत्यात आन् तोंड कोळशानं काळं हुतंय. म्हनलं, पानी कुठं तरी मुरतंय.

"कुठनं आलास रं?"

"कराचीसनं, आक्का. टपालाच्या इमानानं. काल सकाळी बसलो, दुपारी जुहूला उतरलो. तिथनं रातच्या गाडीनं पुणं, आन् पुण्यासनं सकाळच्या मोटारीनं नसरापुरावरनं हितं."

"कुनाला शेंडी लावतोस? इमानात सायेब बसत्यात. तू तर तिथं इमानात पेट्रोल भरतोस."

"सायबाला तार दावली. त्यो म्हनला, बस पिशव्यांजवळ."

बाता नुसत्या! आठ वरसांत ह्यो एकदा बी फिरकला न्हाई. माझी खातरीच झाली, कराची-बिराची कायबी न्हाई, ह्यो पुण्यातच कुनासंगं तरी बिऱ्हाड करून ऱ्हातोय.

आत अंथरुनावर पडल्याली आई मातूर त्येच्याकडं बगून निस्ती हसत व्हती. आठ वरसं म्हातारीचं एकच पालुपद, "माजं पोरगं लई लांब हाय ग. जवळ असतं तर आलंच असतं." गावानं त्येला नावं ठेवली, तरी ती ह्येच म्हनायची. त्यावरच तगली ती. आन् आता मरताना ह्या लबाडाच्या तोंडाकडं बगून हसतीया, ह्ये मला बगवंना. म्हनलं, थांब, तुजं बिंग फोडतेच.

औषध आनायचं निमित्त केलं आन् तरातरा भोर गाठलं. तारमास्तर उपेंद्रराव रोज पेपर वाचनारं मानूस. त्येंना सगळं सांगितलं. ते हसले.

"सगुणाबाई, भाऊ खरं बोलतोय. आकाशातनं पाच-साडेपाचशे मैल. सकाळी तिकडून विमान सुटलं की दुपारी मुंबईत. तुमची बैलगाडी भोरहून पुण्याला पोचायच्या आत!"

मला मेल्याहून मेल्यासारकं झालं. सख्ख्या भावावर कसला वंगाळ वहीम घेतला म्या! पर आनंद बी तेवढाच झाला. धापा टाकतच घरी आले आन् उंबऱ्यातनंच वरडले, "आये, ज्ञानू खरं बोलला ग! मास्तर म्हनले, सकाळी कराचीत बसलं की दुपारी मुंबई!"

"आक्का, गप की," ज्ञानू हळूच म्हनला.

म्या कशाची गप बसतीया! "बैलगाडीनं पुण्याला जायला बी त्येच्यापरीस जास्ती येळ लागतोय, आये!"

आईचं हसू गेलं. तिनं इचारलं, "ज्ञानू, सायेब आधी न्हाई म्हनत व्हता व्हय रं?"

ज्ञानूनं खाली मान घातली. "आधी कवा इचारलंच न्हाई, आये."

"एवढ्या जवळ व्हतास?" आई म्हनली, आन् भिंतीकडं तोंड करून निजली.