मोनाच्या लेकीची छठी

चंद्राबाईंनी दोन्ही पाय लांब केले, पाच दिवसांच्या त्या कन्येला नडग्यांवर पालथे घातले आणि तिच्या पाठीवर कोमट पाण्याची धार सोडली. मूल रडले नाही.

"पानी ज्यादा गरम तो नहीं, अम्मा?" खाटेवरून मोनाने विचारले.

"माज्या हाताला सोसतंय म्हंजी तिला सोसतंय. तू गप पड. आन् कान बांध आदी, वारं शिरंल."

मोना आणि तिचा नवरा लखन बिहारातून आले होते. लखन गावातल्या एका गोठ्यावर धारा काढी. चंद्राबाईंचा मुलगा जोतीराम याने घरामागची खोली त्यांना भाड्याने दिली होती. मोनाला ना माहेर जवळ, ना सासर. म्हणून तिचे बाळंतपण चंद्राबाईंनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले होते.

"आज पाचवी हाय," बाळाला धुपाचा शेक देत त्या म्हणाल्या. "सांजच्याला पाटा-वरवंटा मांडू. सटवाई येती, पोरीच्या कपाळावर लिवून जाती."

मोनाला बोलण्याचा आशय कळला. ती संकोचून म्हणाली, "अम्मा, आज नको. हमारे में छठी करते हैं. कल."

चंद्राबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळले. "बरं. तुमची सटवाई लांबनं येत आसंल. तिला एक दीस जास्त लागतोय."

मोना हसली, आणि पूजा दुसऱ्या दिवसावर गेली.

चंद्राबाई या गावच्या नव्हेत. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातून, सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, नव्या नवरीच्या वयात त्या बैलगाडीतून येथे आल्या. सरकारने जमिनी दिल्या. गावाने 'धरणवाली' हे नाव दिले. आरंभीच्या काळात विहिरीवर त्यांना पाणी भरू देत, पण आपला दोर कोणी देत नसे. पुढे एका अडलेल्या बाळंतिणीसाठी त्यांना बोलावणे आले, आणि हळूहळू गावातली बहुतेक घरे त्यांना उघडली. पोरे त्यांच्या नडग्यांवर न्हाली, मोठी झाली, बारामतीला शिकायला गेली. धरणवाली हे नाव मात्र गेले नाही, आणि त्या नावाला ओ देण्याची त्यांना सवय होऊन गेली.

त्या सायंकाळी देवळाच्या मंडपात गाव जमले. दोन विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला गेली होती. चोर कोणी पाहिला नव्हता. तरीही बोलणे फार काळ केबलीवर राहिले नाही. ते बाहेरून आलेल्यांवर गेले.

गावातले जाणते महिपती तात्या शांतपणे म्हणाले, "जोतीराम, खोली तुजी हाय. उद्या सकाळी मोकळी कर."

जोतीरामने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, हे कळले नाही. तेव्हा बायकांमधून चंद्राबाई उठल्या.

"तात्या, ती वली बाळंतीण हाय. सव्वा म्हैना होऊ द्या. मग मी सोता धाडते."

"सव्वा म्हैन्यात समद्या शिवाराचं तांबं जाईल की, आक्का," मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

तात्या हसले नाहीत. "चंद्राबाई, माजी नातवंडं तुमच्या हातनं न्हाली, ते मान्य हाय. पर गावाचं काय करायचं ते गाव ठरवंल. धरणवाल्यांनी त्यात पडू नये."

चंद्राबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी मुलाकडे पाहिले. तो सतरंजीकडे पाहत होता. शेजारच्या बाईने त्यांचा पदर हलकेच ओढला. त्या खाली बसल्या.

घरी परतताना जोतीराम म्हणाला, "आई, आपली पाइपलाइन तात्यांच्या बांधावरनं येती. उद्या ती उकरा म्हणलं तर ऊस वाळंल."

"व्हय," चंद्राबाई म्हणाल्या. त्यांना राग शोधूनही सापडला नाही. चालताना पायाखाली वाट आहे एवढेच कळत होते.

सकाळी त्या पाण्याचा हंडा घेऊन मागे गेल्या, तर दारात टेम्पो उभा होता. दोन बोचकी, एक खाट, शेगडी. सामान केव्हाच चढले होते.

"अम्मा, आज नहाना नहीं," लखन खाली बघत म्हणाला. "टेम्पोवाला थांबत नाय."

चंद्राबाईंनी हंडा खाली ठेवला. मोनाच्या कानांवरचे फडके सैल झाले होते, ते सोडून त्यांनी पुन्हा घट्ट बांधले. बाळाची दुपटी सारखी केली. मोना पाया पडायला वाकू लागली, तिला त्यांनी दंडाला धरून सरळ केले. "वाकू नगं. टाकं दुखत्याल." टेम्पो धूळ उडवीत गेला. पाणी निवेपर्यंत त्या तेथेच उभ्या होत्या.

दिवेलागणीला सून विजयमाला त्यांना शोधत आली. रिकामी खोली झाडून काढलेली होती. भिंतीपाशी पाटा-वरवंटा मांडला होता, त्याला हळदकुंकू वाहिले होते, आणि समई तेवत होती.

"आत्या, कुनासाठी मांडलंय ह्ये? गेली की ती मानसं."

"सटवाई यायची हाय नव्हं आज. तिला काय ठावं, खोली मोकळी केली ते? हितं आली तर सांगाय कुनी नगं?"

"काय सांगनार तिला?"

टेम्पो फाट्यापर्यंत गेलेला चंद्राबाईंनी पाहिला होता. तेथून एक रस्ता बारामतीला जातो, एक इंदापूरला. तो कोणीकडे वळला, हे झाडांआड दिसले नव्हते. आणि मोनाला विचारायचे राहून गेले होते.

त्यांनी वात जरा पुढे सारली आणि दाराकडे तोंड करून त्या बसून राहिल्या.