ठमाबाईला तेल कोण पाजतं?

रविवारी सकाळी ठमाबाईचे चारही प्लग अंगणातल्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर आडवे पडले होते आणि घरातली माणसं भोवती तोंडं पाडून उभी होती.

ठमाबाई म्हणजे गाडी. गोल पाठ, फुगलेले गाल, साईचा रंग. सासरेबुवांच्या लग्नानंतर दोनच महिन्यांनी ती दारात आली, त्यामुळे सासूबाई अजूनही तिला 'तुमची धाकटी' म्हणायच्या. सवत असावी तर अशी, असंही वर म्हणायच्या, कारण बाजारातली सगळी ओझी सवतच उचलायची.

पण हल्ली धाकटीचं बिनसलं होतं. मागून निळा धूर, चढावर उचक्या, आणि सकाळी चालू व्हायला शंभर नखरे. गावातला एक हॉटेलवाला कितीतरी वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. त्याला ती हॉटेलच्या दर्शनी दालनात उभी करायची होती, डिकीत कुंड्या ठेवून. मागच्या आठवड्यात सासरेबुवा वैतागून त्याला म्हणून बसले, "आता पुन्हा इंजिन उघडायची वेळ आली, तर घेऊन जा." हॉटेलवाला काय, टपलेलाच होता. आज दुपारी तो ट्रक घेऊन येणार होता. आणि सासरेबुवांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा तोंडातून गेला की खुद्द त्यांनाही परत घेता येत नसे.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो सूनबाईचा. सूनबाई दातांची डॉक्टर. लग्न होऊन घरात आली तेव्हा सासऱ्यांशी बोलायचं काय, हेच तिला कळेना. घरात ते दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली दोन वर्तमानपत्राशी. मग एका रविवारी त्यांनी तिला ठमाबाईच्या स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि तोंडाची कुलपं निघाली. तिला गियर टाकायला शिकवता शिकवता त्यांनी स्वतःचं बालपण सांगितलं, नोकरीतली भांडणं सांगितली, सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सायकलवरून कसे पडले तेही सांगितलं. तेव्हापासून रविवारचा फेरफटका कधी चुकला नाही. ठमाबाई गेली तर सासरेही हातचे गेले, हे सूनबाईला स्वच्छ दिसत होतं.

शिवाय तिच्या मनात एक काटा होता. ठमाबाई तेल पिते, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. फेरफटका झाला की ती हळूच बॉनेट उघडून तेलाची पट्टी बघायची. तेल नेहमी खुणेच्या खाली. मग दवाखान्याच्या बॅगेतून डबा काढून ती घोटभर ओतायची आणि गप्प बसायची. कारण सासरेबुवा येईल-जाईल त्याला छाती फुगवून सांगत, "आमची ठमी तेलाचा थेंब मागत नाही." त्या छातीला टाचणी कोण लावणार? आता तिला वाटत होतं, दुखणं लपवलं म्हणूनच ते विकोपाला गेलं.

मिस्त्रींनी एक प्लग उचलला. सासरेबुवांच्याच वयाचे मिस्त्री, आणि ठमाबाईवर त्यांचा सासरेबुवांहून कणभरच कमी जीव.

"पेट्रोल जास्त झालं तर काजळी धरते, पण ती कोरडी. हे बघा, ओलं, चकचकीत, बोटाला चिकटतंय. हे तेल. रिंगा झिजल्या की तेल पिस्टनवर चढतं आणि प्लगला आंघोळ घालतं." त्यांनी प्लग खाली ठेवला. "इंजिन उघडावं लागणार, आप्पा."

"येऊ दे मग त्याला," सासरेबुवा म्हणाले. दिवसाच्या कोट्यातलं पहिलं वाक्य तिथेच खर्ची पडलं.

सूनबाईला स्वस्थ बसवेना. तिने बॅगेतला कपाळावर बांधायचा दिवा बांधला, चिमटा घेतला आणि एकेक प्लग उजेडात धरून निरखायला लागली. नवऱ्याने दुसरीकडे तोंड फिरवून हसू दाबलं.

"मिस्त्रीकाका, यातला सगळ्यात वाईट कुठला?"

"सगळे सारखेच."

"तेच मला खटकतंय. माझ्याकडे माणूस येतो, त्याची एक दाढ किडलेली असते आणि शेजारची धडधाकट. कीड काही ठरवून सगळ्या दातांना एकसारखी लागत नाही. सगळेच दात एकसारखे काळे दिसले, तर मी दातांना दोष देत नाही. विचारते, दिवसभर तोंडात काय असतं?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोकं खाजवलं, मग हसले, आणि मग या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने आपल्या पेटीकडे धावले. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशनचं मीटर घेऊन आले. एकेका प्लगच्या जागी मीटर लावायचं आणि नवऱ्याने चावी फिरवायची. पहिल्या सिलिंडरचा काटा वर गेला. दुसऱ्याचा तेवढाच. तिसऱ्याचा, चौथ्याचाही.

"अहो, दम आहे बाईला! रिंगा ठणठणीत आहेत!" मिस्त्री ओरडले. "मग हे तेल येतं कुठून?"

"तोंड बघा," सूनबाई म्हणाली.

तोंड म्हणजे एअर फिल्टर. मिस्त्रींनी त्याचं झाकण काढलं. आतला फिल्टर तेलाने थबथबला होता, पिळला असता तर वाटीभर निघालं असतं. मिस्त्रींनी तेलाची पट्टी बाहेर ओढली. गाडी रात्रभर उभी होती, सगळं तेल खाली उतरलेलं. पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं.

"कमी नाही, जास्त झालंय!" मिस्त्री म्हणाले. "इंजिन फिरतं तेव्हा तेल घुसळून निघतं, त्याचा फेस होतो. तो फेस वाफेच्या नळीतून इथे फिल्टरमध्ये, इथून चारही सिलिंडरमध्ये. अति तिथे माती. तेल कोण बघतं?"

"मी," सासरेबुवा म्हणाले.

"आणखी कोण?"

सूनबाईचे कान तापले. कपाळावरचा दिवा चालूच होता, त्यामुळे ती जिकडे बघेल तो माणूस उजळून निघत होता. शेवटी तिने दिवा बंद केला.

"मी घातलंय. दर रविवारी, घोटभर. फिरून आलं की लगेच पट्टी बघायची, कमीच असायचं."

"लगेच? गरम इंजिनात?" मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो डॉक्टर, तेव्हा बरंचसं तेल वर अडकलेलं असतं. त्याला खाली उतरायला दहा मिनिटं तर द्या!"

"पण घोटभराने एवढं कसं होईल?" सूनबाई म्हणाली.

सासूबाई खाकरल्या. "बाजारातून आले की... मीही घालते थोडं. लगेचच."

"आई!" नवरा म्हणाला, आणि मग फारच पटकन गप्प झाला.

"तूही?" सूनबाईने विचारलं.

"पेट्रोल भरून आलो की," तो पुटपुटला. "बाबांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मग डबे निघाले. सूनबाईचा बॅगेतून, नवऱ्याचा बुटांच्या मांडणीमागून, सासूबाईंचा शिवणाच्या मशीनखालून. टेबलावर तीन डबे शेजारी शेजारी उभे राहिले. सगळे सासरेबुवांकडे वळले. सासरेबुवा आकाशाकडे बघत होते. मग ते उठले, गुलाबाच्या वाफ्यामागे गेले आणि डबा घेऊन आले. सगळ्यात मोठा तोच होता.

"मला ती खूण नीट दिसत नाही," ते रुबाबात म्हणाले. "आणि चष्मा लावून गाडी बघायची, एवढा मी म्हातारा झालेलो नाही. म्हटलं, असू दे थोडं जास्त."

आधी सासूबाई हसल्या. मग नवरा हसता हसता बॉनेटवर ओणवा झाला. सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिस्त्री तर खाली जमिनीवरच बसले आणि तिथूनच हात वर करून म्हणाले, "आप्पा, मागच्या महिन्यात धूर दिसला ना, तेव्हा मीही अर्धा डबा..."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली!" नवरा म्हणाला, आणि पुन्हा सगळे फुटले.

पण घड्याळ हसायला थांबत नाही. नवरा गाडीखाली शिरला. त्याने तळाचा बोल्ट काढला तसं परातीत तेल कोसळायला लागलं. परात भरली.

"आई, पातेलं!"

"माझं मोठं पातेलं?"

"धाकटीसाठी!"

सासूबाईंनी पातेलं आणलं, तोंडाने कुरकुरत आणि पायांनी धावत. मिस्त्रींनी तेल मापाने पुन्हा भरलं आणि फिल्टर धुवायला घेतला. सूनबाई दात घासायच्या बारीक ब्रशने प्लग घासत होती. सासरेबुवा तिच्या शेजारी येऊन बसले आणि एकेक प्लग पुसून तिच्या हातात देऊ लागले.

"बाबा, तुम्ही चोरून का घालत होता? गाडी तुमचीच ना?"

त्यांनी हातातला प्लग पुसून तिच्या हातात दिला. "तेल लागतं म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारी झाली. एकदा म्हातारी ठरली की लोक डिकीत कुंड्या ठेवायला येतात."

सूनबाईने त्यांच्या तेलकट हातावर आपला तेलकट हात ठेवला. दोघांनीही लगेच प्लगकडे बघितलं.

मिस्त्रींनी प्लग आणि फिल्टर जागेवर बसवले, तेवढ्यात ट्रक आला. हॉटेलवाल्याने येताना खरोखरच दोन कुंड्या आणल्या होत्या, डिकीत बसतात का बघायला. "शब्द लक्षात आहे ना, आप्पा?"

"आहे," सासरेबुवा म्हणाले. "सूनबाई, मार चावी."

ठमाबाई उचकली, शिंकली आणि सुरू झाली. मागून धुराचा असा लोट निघाला की कुंड्यांसकट हॉटेलवाला दिसेनासा झाला. आतून फक्त खोकला ऐकू येत होता.

"रिंगा गेल्यात हिच्या!" खोकला म्हणाला.

"आतलं साचलेलं जळू दे," मिस्त्री म्हणाले, पण त्यांचीही मूठ आवळलेली होती. धूर येतच राहिला. मग जरा पातळ झाला. मग कुंड्या दिसल्या, मग हॉटेलवाला दिसला, मग त्याच्या मागचा ट्रकही दिसला. इंजिनाचा आवाज सलग, एकसुरी झाला. मागे धुराचा मागमूस नव्हता.

"इंजिन उघडलं नाही," सासरेबुवा म्हणाले. "शब्द पाळला."

हॉटेलवाल्याने कुंड्या छातीशी धरल्या. मग त्याने चाचरत विचारलं, "निदान एक चक्कर तरी?"

त्याला मागे बसवलं, मांडीवर कुंड्या देऊन. सासूबाई आणि मिस्त्रीही चढले. नवरा पातेलं धुवायला मागे राहिला, कारण त्याशिवाय त्याला त्या दिवशी जेवायला मिळणार नव्हतं. सूनबाईने गियर टाकला. सासरेबुवा शेजारी बसले, खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मागून हॉटेलवाल्याचा ड्रायव्हर रिकामा ट्रक हॉर्न वाजवत आणत होता.

दिवसाचा कोटा तर केव्हाच संपला होता. चौक ओलांडला तशी सूनबाईने घाबरत घाबरत शेजारी बघितलं.

"मी सायकलवरून पडलो होतो ना," सासरेबुवा म्हणाले, "ते याच वळणावर."