बिनडोळ्यांचा पाहणारा

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. रबराची नळी, कानात घालायची दोन टोके आणि छातीला टेकवायची एक गोल चकती, एवढाच माझा संसार. तीस वर्षे मी एकाच डॉक्टरांच्या गळ्यात होतो. आमच्या दवाखान्याची एक रीत होती. पायाला कुरूप झाले असले, तरी मला छातीला लावल्याशिवाय पेशंटला तपासल्यासारखे वाटत नसे. माझा थाट काही विचारू नका.

गोंधळ सुरू झाला तो डॉक्टरांच्या ताईंमुळे. त्या निवृत्त भाषाशिक्षिका. केसपेपर लिहायला दवाखान्यात बसत. एकदा त्यांनी सहज सांगितले, की माझे नाव दोन ग्रीक शब्द जोडून केले आहे. 'स्टेथोस' म्हणजे छाती आणि 'स्कोपेइन' म्हणजे पाहणे. पाहणे? मी तर जन्मभर ऐकतच आलो! एखाद्या दुर्बिणीचे नाव चुकून मला चिकटले, की मीच इतकी वर्षे भलतेच काम करत होतो? मला काही सुचेना.

त्यात आणखी एक घोळ झाला. डॉक्टर मला कानाला लावून नुसतीच मान हलवू लागले. आधी वाटले, माझीच नळी तुंबली असेल. मग उमगले, की त्यांना ऐकू कमी येत होते आणि ते हे कुणाला कळू देत नव्हते.

एका सकाळी गल्लीतली शिंपीण आली. जिना चढताना धाप लागते म्हणाली. तिच्या हृदयातली घरघर मला स्पष्ट ऐकू आली. डॉक्टर म्हणाले, सगळे ठीक आहे. ती पिशवी उचलून निघाली. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "अरे, तिचे पाय बघितलेस का? चपलेचा पट्टा रुतलाय."

डॉक्टरांनी वाकून तिच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबले. खड्डा पडला, तो भरेना; हृदय थकले की पायांत असे पाणी साचते. ते सरळ उभे राहिले. मग मला कानांतून काढून म्हणाले, "मला ऐकू येत नाही, ताई. वर्ष झालं."

शिंपीण त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात गेली, म्हणून वाचली.

आता मी खिळ्याला टांगलेला असतो. ताई सांगतात, ग्रीकांच्या त्या पाहण्यात बारकाईने तपासणेही येते. येत असेल. माझ्या डोक्यात अजून उजेड पडलेला नाही. पण मित्रांनो, माझ्यावरची धूळ नंतर पुसा. आधी तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसाजवळ बसा आणि नीट ऐकू येते का, हे विचारा. 'नाही' म्हणायची त्याला लाज वाटणार नाही, असे विचारा.