सोमवारची मापं

सिरसाळ्याच्या पेठेत गुरुपादचं धान्याचं दुकान होतं. दुकानाच्या उंबऱ्याशी पोत्यावर त्याचा धाकटा भाऊ सोमलिंग बसायचा. पंचविशीचा गडी, अंगानं दांडगा, पण तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. समोर पाच मापं घेऊन दिवसभर त्याचा एकच उद्योग. पायलीत अधोली, अधोलीत शेर, शेरात मापटं, मापट्यात चिपटं. घालायचा, काढायचा, परत घालायचा. गुरुपादनं मापाचं नाव घेतलं की बरोबर तेच माप पुढं करायचा. कधी चुकला नाही.

सहा दिवस असा गाईसारखा गरीब. आणि सोमवार उजाडला की बिघडलाच! भिंतीवर डोकं आपटायचा, हाताला लागेल ते भिरकावायचा, जवळ जाईल त्याला चावायचा. गावाला काय, बोलायला फुकटची तोंडं. कुणी म्हणे महादेव अंगात येतो, कुणी म्हणे बाहेरची बाधा. दोघी-तिघी तर लांबूनच पाया पडून जायच्या. अगं बायांनो, पाया कसल्या पडता? घरात येऊन एक सोमवार काढून दाखवा की!

मागच्या सोमवारी तो आपल्या आईलाच चावला. शिवगंगाबाईंच्या दंडाला दात रुतले, रक्त आलं. गुरुपादचं टाळकंच फिरलं. तो लोहाराकडून चांगली लांब, जाड साखळी घेऊन आला.

"आता दर सोमवारी खांबाला बांधायचा," तो बायकोला म्हणाला. "माय काय त्याला खायला ठिवलीय?"

शिवकांता लग्न होऊन आली तेव्हा सोमलिंग पाच वर्षांचा होता. तिच्या हातचा घास खाऊनच तो वाढला होता. आणि एकदा बांधलेलं माणूस सुटत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज सोमवारी बांधतील, उद्या मंगळवारीही बांधतील. मग जन्माचाच खांब.

तिच्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. चावला त्या दिवशी दुपारी ती त्याला भाकरी द्यायला गेली, तर तो भुईवरच्या धुळीत बोटानं गोल काढत होता. एक मोठा, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान. पाच गोल. मग तळहातानं सगळे पुसून तो रडायला लागला होता.

रविवारी संध्याकाळी गुरुपाद चिंचेनं मापं घासायला बसला, तसा सोमलिंग कण्हायला लागला. शिवकांता हातातलं सूप तसंच टाकून उठली. आता गं बाई! सासऱ्यांनी घालून दिलेली रीत होती, की दर सोमवारी उजाडल्यापासून दुपारपर्यंत मापं देवघरात महादेवापुढं ठेवायची, म्हणजे आठवडाभर माप खोटं पडत नाही. देवाला मापं मिळायची. सोमलिंगचं काय, ते कुणी बघितलंच नव्हतं.

"अवं, त्याची मापं जातात म्हणून करतो हो त्यो हे सगळं!"

"मग काय अप्पांची रीत मोडू?"

"रीत कावून मोडायची? मापासंगं त्यालाबी देवघरात न्या."

"अन् तिथं धिंगाणा घातला तर?"

"तर मी सोता साखळी आणून देते तुमच्या हातात."

सोमवारी तिनं सोमलिंगला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, कपाळाला भस्म लावलं आणि देवघरात आणून बसवलं. गुरुपादनं रीतीप्रमाणं पाचही मापं एका रांगेत मांडली. साखळी त्याच्या मांडीशीच होती.

सोमलिंगनं रांग बघितली आणि त्याच्या घशातून घरघर निघाली. मूठ कपाळावर आपटली. एकदा, दोनदा. गुरुपादचा हात साखळीवर गेला. संपलं, शिवकांताला तिच्याच जिभेनं बांधलं होतं.

"गुरुपाद, थांब." कोपऱ्यातून शिवगंगाबाई बोलल्या. दंडाला हळदीचं फडकं बांधलेलं होतं. "लावू दे त्याला त्याच्या हातानं."

"माय, रांगंत मांडायची रीत हाय अप्पांची."

"तुज्या अप्पाला मी तुज्यापेक्षा जास्त वळखते. एकात एक ठिवली म्हणून महादेव काय रुसून बसतोय? आन् चावलाय मला, तुला न्हाई. लावू दे म्हणते ना!"

गुरुपादनं हात मागं घेतला. सोमलिंग पुढं सरकला. पायलीत अधोली, अधोलीत शेर, शेरात मापटं, मापट्यात चिपटं. घरघर थांबली. त्यानं सगळी काढली आणि देवापुढं परत पहिल्यापासून घालायला घेतली. शिवकांतानं पदर डोळ्यांना लावला. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढं तो कधी चिडलाच नाही, असं मी म्हणणार नाही. कोण चिडत नाही? पण सोमवार सुधारला. साखळी आडाच्या पोहऱ्याला लागली.

त्या पहिल्या सोमवारी पूजा चाललेली असतानाच शहादेव कुणबी दुकानाच्या दाराशी येऊन ओरडला, "शेटजी, पायलीभर जवारी द्या की, लई घाई हाय!"

गुरुपाद भावाशेजारी मांडी घालून बसला होता. तिथनंच त्यानं आवाज दिला, "थांब बे जरा! सोमलिंग उठला की देतो."