बर्फाच्या तळघरातला श्वास

ऑगस्ट सरत आला तरी मासाकच्या तळघराचा एक कोपरा खरवडायचा राहिलाच होता. समुद्राच्या कड्यावर, गोठलेल्या जमिनीत खोल खणलेलं हे व्हेलच्या मांसाचं कोठार. ते लख्ख नसेल तर व्हेल त्या घरच्या होडीला स्वतःला देत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मासाकचा नवरा रॉक्सी होडीचा कप्तान, आणि दोन वर्षं त्याची होडी रिकामी परतलेली.

किनारा मोजायला आलेली हॅना सकाळीच बजावून गेली होती, "हा कडा मातीचा कमी, बर्फाचा जास्त. असे किनारे आम्ही तिसऱ्या वर्गात टाकतो. समुद्र खालून पोखरतो, वर काही कळत नाही, मग अख्खा तुकडा खाली जातो."

"तिसरीत? रॉक्सीची शाळाही तिथेच सुटली," मासाक म्हणाली होती.

आता तळघरात मासाक आणि रॉक्सीला श्वास ऐकू येत होता. लांब, ओला. थांबून पुन्हा.

रॉक्सीचा चेहरा उजळला. "व्हेल आला बघ. घर बघायला आलाय."

मासाकच्या अंगावर आनंदाने काटा आला. मग तिने भिंतीवरचा थेंब जिभेला लावला. तो खारट होता.

"वर चल. खाली समुद्र शिरलाय."

"पाहुणा दारात आणि घर अर्धवट सोडू? एवढा कोपरा होऊ दे. तू हो पुढे."

ती शिडी चढून वर आली. तळघर आणि घर यांच्यामधल्या गवतातून एक भेग सरकत होती. तिने दोनदा हाक मारली. खालून नुसतं खरवडणं. तिला रडू कोसळलं. तिने कुत्र्यांच्या घाणीची बादली उचलली आणि त्या लख्ख तळघरात उपडी केली. आजवर गावात कुणी असं केलं नव्हतं.

खरवडणं थांबलं. श्वासही थांबला.

रॉक्सी शिव्या देत वर आला. तिने त्याला बाहीला धरून भेगेपलीकडे ओढलं, आणि मागे कडा तळघरासकट समुद्रात बसला. फारसा आवाजही झाला नाही.

गढूळ पाण्यात एक काळी पाठ वर आली. हॅनाच्या नकाशात तिथे पाणी जेमतेम कमरेएवढं. पाठीने श्वास सोडला आणि ती वळून खोल समुद्राकडे गेली.

"त्याने सगळं पाहिलं," रॉक्सी म्हणाला. "आता तो आपल्याकडे कधीच यायचा नाही."

मासाकने त्याची बाही सोडली नाही.

"नको येऊ दे," ती म्हणाली.