दाराबाहेरचा बूट

"उद्या कोर्टात हा बूट घालायचा नाही," वकील विजयश्री मॅडम म्हणाल्या. "साधी चप्पल घाला, हातात काठी घ्या. पाय किती आखूड झालाय ते जजसाहेबांना दिसलं पाहिजे. या बुटात तुम्ही नवरदेवासारखे चालता."

ज्योतीरामनं खाली पाहिलं. उजव्या बुटाच्या तळाला टायरच्या रबराचे थर चिकटवले होते, चांगले दोन बोटं जाडीचे.

"तसं न्हाई जमायचं, मॅडम. नूरभाईंनी केलाय. त्याच्याच जिवावर चालायलोय. उद्या तेबी साक्षीला येणार. त्यांच्यासमोर बूट घरी ठेवून लंगडत जाऊ?"

"आणि क्लेम बुडाला तर?"

"तरी तुमचे लई उपकार हायेत."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

ज्योतीरामला आभार मानायची खोडच होती. रिक्षातून उतरताना तो पैसेही द्यायचा आणि 'उपकार झाले' असंही म्हणायचा. चाकणच्या चौकाजवळ कंटेनरनं त्याची मोटरसायकल चिरडली, तेव्हा तो सेकंड शिफ्टला निघाला होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी नर्सबाईंचे आभार मानले आणि मग पाय आहे का ते विचारलं. पाय होता, पण आखूड झाला होता. प्रेस मशिनवर आठ तास उभं राहणं संपलं आणि त्याबरोबर कंपनीतली नोकरीही संपली. आता अपघाताच्या भरपाईचा क्लेम मिळाला तर चिखलीत पिठाची गिरणी टाकायची, असं त्यानं आणि बायकोनं ठरवलं होतं. गिरणीत स्टुलावर बसून काम होतं. नाही मिळाला, तर खोली सोडून गावी परतायचं, आणि गावी त्यांचं काहीच उरलं नव्हतं.

नूरभाई म्हणजे चौकातला पंक्चरवाला नूरमोहम्मद. अपघात झाला तेव्हा गर्दी मोबाइल काढून उभी होती आणि हा म्हातारा गल्ला तसाच उघडा टाकून धावला होता. त्यानं आडवं होऊन एक टेम्पो थांबवला आणि ज्योतीरामचं डोकं मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. पुढे पाय आखूड झाल्याचं कळल्यावर तो म्हणाला, "टायरखाली गेलास ना बेटा, आता टायरच तुला उभं करील." त्यानं जुनं रबर कापून बूट उंच करून दिला. हे ऋण कुठल्या जन्मी फिटायचं, असं ज्योतीरामला मनापासून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तो बूट घालूनच कोर्टात गेला. काठी घेतली नाही. नूरभाई साक्षीची वाट बघत बाहेर बाकावर बसले. नावाचा पुकारा झाला, ज्योतीराम उठला आणि दारापाशी थबकला. आत उंचावर जजसाहेब, सगळीकडे शांतता. त्यानं वाकून दोन्ही बूट काढले, भिंतीच्या कडेला जोडून ठेवले आणि अनवाणी आत गेला. अनवाणी म्हणजे लंगडत.

विमा कंपनीच्या वकिलांना हेच हवं होतं. पाय आखूड झाल्याच्या डॉक्टरी दाखल्यावर त्यांचा विश्वास नव्हताच. त्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ जजसाहेबांना दाखवला. दसऱ्याला कंपनीत मशिनची पूजा होती, जुन्या सोबत्यांनी ज्योतीरामला बोलावलं होतं आणि तो नारळ घेऊन ताठ चालत येत होता.

"हे तुम्हीच ना?"

"व्हय साहेब, मीच."

"दसऱ्याला नीट चालत होता. आज लंगडताय. पाय कोर्टाच्या पायरीवर आखूड झाला का?"

मागे कोणीतरी हसलं. विजयश्री मॅडमनी डोळे मिटले.

"बूट बाहेर हाय, साहेब," ज्योतीराम म्हणाला. "त्या बुटानं नीट चालता येतं. आत येताना काढून ठेवला."

"कोर्टात बूट काढायला कोणी सांगितलं?" जजसाहेबांनी विचारलं.

"कुणी न्हाई. दवाखान्यात काढतो, देवळात काढतो. इथं घालून यायचा असतो, हे ठावं नव्हतं. चुकलं असंल तर माफी द्या."

जजसाहेबांनी शिपायाला बूट आणायला पाठवलं.

नूरभाई बूट मांडीवर घेऊन बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागत होते, म्हणून त्यांनी ते उचलून घेतले होते. "संभाल के, भाई," ते शिपायाला म्हणाले. "तळ कालच नवा लावलाय." दारातून ते आतही ऐकू आलं.

ज्योतीरामनं सगळ्यांसमोर बूट घातले आणि भिंतीपर्यंत चालून आला, ताठ. मग काढले आणि पुन्हा चालला. या वेळी परतताना त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. विमा कंपनीच्या वकिलांनी मोबाइल खिशात टाकला आणि आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं. जजसाहेब जे पाहिलं ते कारकुनाला सावकाश सांगून लिहवून घेऊ लागले.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं वकिली करतेय, अशील असा बघितला नाही." त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, ते ज्योतीरामला कळलं नाही. त्यानं त्यांचेही आभार मानले.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. चिखलीत, खोलीच्या पुढच्या भागात गिरणी बसली. पहिल्या दळणाला त्यानं नूरभाईंना बोलावलं. म्हाताऱ्यानं जुम्म्याचा धुतलेला सदरा घातला होता. दारात येऊन तो थांबला आणि चपला काढू लागला.

"असू द्या, नूरभाई. पीठ सांडतंय, पाय भरतील."

"भरू देत," नूरभाई म्हणाले आणि अनवाणीच आत आले.

नारळ फुटला, पट्टा फिरू लागला, बायका डबे घेऊन दाराशी गोळा झाल्या. ज्योतीराम स्टुलावरून उठला. आखूड पाय सावरत दाराशी गेला, वाकला, आणि नूरभाईंच्या चपला कुणाचा पाय लागू नये म्हणून उचलून आत, आपल्या स्टुलाशेजारी जोडून ठेवल्या.